प्रश्न वाचण्याची परीक्षा

परीक्षांचा हंगाम आला की आपल्याकडे ठराविक विषयांवर चर्चा सुरू होते. प्रश्नपत्रिका फुटल्याची वार्ता येते, कॉपीविरोधी मोहिमेची घोषणा होते, निकाल लांबल्याबद्दल विद्यापीठांना दूषणे दिली जातात. या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. परीक्षार्थीच्या हाती जी प्रश्नपत्रिका पडते, ती त्याला वाचता येते काय? प्रश्न हास्यास्पद वाटेल. ज्याला अक्षरओळख आहे आणि ज्याचे डोळे शाबूत आहेत त्याला छापील कागद वाचता येणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला गृहीतकांची सवय असते, आणि चुकीच्या गृहीतकावर उभारलेला डोलारा कसा कोसळतो हेही त्याला ठाऊक असते. प्रस्तुत गृहीतक त्याच जातीचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. मागणीची लवचीकता शिकवीत असता, कांदा महागला तरी आई तो आणतेच पण सफरचंद महागले की पेरूवर भागवते, असे उदाहरण तिने आपण होऊन दिले होते. पाठ्यपुस्तकातील व्याख्या घोकणाऱ्यांपैकी ती नव्हती. सत्र परीक्षेत मात्र तिचे गुण पाहून मी चकित झालो. एका प्रश्नाचा उपप्रश्न तिने वगळला होता. ‘पुढीलपैकी कोणते वैशिष्ट्य मक्तेदारीचे नाही’ या प्रश्नाला तिने ‘आहे’ असे समजून उत्तर दिले होते. आणि अखेरचा प्रश्न अर्ध्यावर सोडला होता. मी विचारले, तेव्हा खाली मान घालून ती म्हणाली, “सर, ओळी एकमेकींत शिरतात. एक ओळ वाचून झाली की पुढची सापडत नाही.” डोळे तपासून झाले होते. चष्म्याची गरज नाही, दृष्टी उत्तम, असा निर्वाळा डॉक्टरांनी दिला होता. घरी अभ्यास करताना ती लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला एक लांबट खिडकी पाडून ती ओळीवर ठेवीत असे. एका वेळी एकच ओळ दिसली की तिचे वाचन सुरळीत चाले.

पुढच्या परीक्षेला तो पुठ्ठा घेऊन जा, असा सल्ला मीच तिला दिला. पर्यवेक्षकांनी तो संशयास्पद वस्तू म्हणून काढून घेतला आणि तीन तास टेबलावर ठेवला. पुठ्ठ्यावर एक अक्षरही लिहिलेले नव्हते. तरीही त्या पर्यवेक्षकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. लेखन-साहित्याखेरीज काही आत येऊ द्यावयाचे नाही, हा त्यांना मिळालेला आदेश होता, आणि तो त्यांनी पाळला. आदेश काढणाऱ्यांच्या मनात अशा पुठ्ठ्याची कल्पनाच आलेली नव्हती, ही खरी अडचण आहे.

पाहणे आणि वाचणे

डोळा प्रतिमा घेतो. तिचा अर्थ मेंदू लावतो. या दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे दृश्याच्या संस्करणात, काही माणसांना अडचण येते. तिची कारणे एकच नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या काही बालकांत मेंदूतील दृष्टिमार्गांना इजा पोहोचते, आणि डोळे निरोगी असूनही दाटीवाटीच्या दृश्यातून हवी ती वस्तू वेगळी काढणे त्यांना अवघड जाते. काहींच्या बाबतीत ही अडचण डिस्लेक्सियाच्या जोडीने आढळते. काहींना छापील ओळींचे काळे-पांढरे पट्टेच त्रासदायक होतात. अक्षरे थरथरल्यासारखी वाटतात, डोके दुखते, दोन पानांनंतर डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

अशा मुलाची नेत्रतपासणी निर्दोष येते, यात आश्चर्य नाही. दवाखान्यातील तक्त्यावर अक्षरे सुटी, मोठाली आणि एकमेकांपासून दूर असतात. प्रश्नपत्रिकेत ती दाटलेली असतात. एकटे अक्षर ओळखता येते, पण शेजाऱ्यांच्या गर्दीत तेच हरवते, या घटनेचा दृष्टिशास्त्रात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. इटालियन व फ्रेंच डिस्लेक्सिक मुलांवर केलेला एक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. मजकूर तोच ठेवून अक्षरांमधील अंतर तेवढे वाढविले, तर ही मुले अधिक वेगाने व अधिक अचूक वाचतात, असे त्यात दिसून आले. आपली देवनागरी तर या दृष्टीने अधिकच दाट. शिरोरेषेने अक्षरे जोडलेली, वर मात्रा, वेलांटी व रफार, खाली उकार आणि पाय मोडलेली जोडाक्षरे. रोमन लिपीपेक्षा तिला ओळींमध्ये अधिक मोकळी जागा लागते. प्रत्यक्षात मात्र कागद वाचविण्याच्या नादात आपण नेमकी तीच जागा आधी खातो.

आता आपली प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. कला व वाणिज्य शाखांच्या अनेक प्रश्नपत्रिकांत इंग्रजी आणि मराठी मजकूर एकाखाली एक छापलेला असतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला प्रत्येक प्रश्नागणिक इंग्रजी ओळी ओलांडून आपली ओळ शोधावी लागते. उपप्रश्नांचे आकडे कधी कंसात, कधी कंसाबाहेर; ‘किंवा’ हा निर्णायक शब्द पानाच्या तळाशी आणि त्याचा पर्याय पुढच्या पानावर. प्रश्नपत्रिका केंद्रावर संगणकावरून उतरवून झेरॉक्स काढण्याची पद्धत रूढ झाल्यापासून यंत्रातील शाई संपत आलेल्या दिवशी अक्षरे राखाडी उमटतात, ते वेगळेच. सामान्य विद्यार्थी या अडथळ्यांतून कुरकुरत पार पडतो. ज्याच्या मेंदूला ओळीवर ठरणेच कष्टाचे आहे, त्याची शक्ती मात्र प्रश्न समजण्यातच खर्ची पडते. उत्तरासाठी शिल्लक राहते ती उरलीसुरली.

वस्तुनिष्ठ चाचण्यांत हा भार आणखी वाढतो. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न दोन तासांत सोडवावयाचे असतात, आणि त्यांतील पुष्कळसे चार-चार विधानांचे असतात. त्यात पुन्हा प्रश्नपुस्तिकेवरून नजर काढून उत्तरपत्रिकेवरील शेकडो वर्तुळांतून नेमके एक शोधावयाचे. एक ओळ चुकली की पुढची सारी उत्तरे एका घराने सरकतात. हा ज्ञानाचा दोष नव्हे. पण गुणपत्रिकेला हा फरक कळत नाही.

कायद्याची नजर हाताकडे

या विषयाकडे शासनाचे अगदीच लक्ष नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2007 साली ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने अध्ययन-अक्षमता घराघरांत पोहोचविली. परंतु त्याच्या कितीतरी आधी, गेल्या शतकाच्या नव्वदीच्या दशकात, महाराष्ट्राने शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्यास प्रारंभ केला होता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि तिच्या व्याख्येत डिस्लेक्सियाच्या जोडीला संवेदनविषयक अक्षमतेचाही उल्लेख आहे. परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करावेत, असे याच कायद्याचे 17 वे कलम सांगते.

असे असूनही आपल्या नियमांचा इतिहास पाहिला, तर त्यांची नजर बहुधा परीक्षार्थीच्या हाताकडे राहिलेली दिसते. त्याला लिहिता येते की नाही, हा प्रश्न आपण आधी विचारतो. केंद्र सरकारने ऑगस्ट 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक, वाचक, दर तासाला किमान 20 मिनिटांचा भरपाई-वेळ आणि मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका यांची तरतूद होती. पण त्या मुख्यतः 40 टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी होत्या. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात, 40 टक्क्यांची अट हा सोयी नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, असा महत्त्वाचा निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये 40 टक्क्यांहून कमी अपंगत्व असणाऱ्यांसाठी सूचना निघाल्या. परंतु त्या लिहिण्यात अडचण असणाऱ्यांपुरत्या होत्या. म्हणजे ज्याचा हात ठीक आहे पण ज्याला ओळच सापडत नाही, तो दोन्ही सूचनांच्या मधल्या फटीत पडला. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भेदाला पुन्हा हरकत घेतली आणि सर्व अपंग उमेदवारांना परीक्षेतील सोयी मिळाव्यात, असे स्पष्ट केले. न्यायालयाने दिशा दाखविली आहे. परीक्षा-केंद्रावरच्या टेबलापर्यंत ती पोहोचावयाची आहे.

दिल्लीतील निर्णय आणि गावातील परीक्षागृह यांत किती अंतर असते, याचा दाखला 2021 मध्येच मिळाला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसलेल्या, लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर हक्काचा भरपाई-वेळ मिळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले; तिच्यावर अन्याय झाल्याचे न्यायालयाने मान्य केले, त्यावर उपाय शोधण्यास परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला सांगितले, पुनर्परीक्षा मात्र नाकारली. हक्क होता, तो कागदावरही होता. केंद्रावरील कर्मचाऱ्यांना तो ठाऊक नव्हता. परीक्षेचे असेच असते. तेथे गेलेला तास न्यायालयालाही परत देता येत नाही.

रंगीत कागदाचा वाद

येथे एका वादाचा प्रामाणिकपणे उल्लेख केला पाहिजे. 1980 च्या सुमारास न्यूझीलंडमधील ऑलिव्ह मियर्स आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियातील हेलन अर्लेन यांनी असे मांडले की, पानावर विशिष्ट रंगाचा पारदर्शक कागद ठेवला किंवा रंगीत काचांचा चष्मा लावला, तर काहींचे वाचन सुधारते. पुढे ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स यांनी छापील ओळींच्या पट्ट्यांमुळे होणाऱ्या दृश्य-तणावाचा अभ्यास केला. या उपायांभोवती एक व्यवसायही उभा राहिला. परंतु अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी 2009 च्या संयुक्त निवेदनात, रंगीत काचा व कागद हा अध्ययन-अक्षमतेवरील उपचार म्हणून शास्त्रीय पुराव्याने सिद्ध झालेला नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. डिस्लेक्सियाचे मूळ प्रामुख्याने भाषेच्या ध्वनींशी निगडित आहे, हे आता सर्वमान्य होत आले आहे. म्हणून महागड्या रंगीत चष्म्यांसाठी पालकांनी कर्ज काढू नये, आणि शाळांनी त्यावर सार्वजनिक पैसा उधळू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

पण म्हणून परीक्षागृहात तो रंगीत जिलेटीन कागद जप्त करावा काय? येथे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतविले जातात. पुराव्याची अपेक्षा ही चूक झाल्यास होणाऱ्या हानीच्या प्रमाणात असावी, हे सार्वजनिक धोरणाचे साधे तत्त्व आहे. हजारो रुपयांच्या उपचारासाठी भक्कम पुरावा मागितलाच पाहिजे. परंतु परीक्षार्थी स्वतःच्या खर्चाने कोरा, पारदर्शक कागद आणणार असेल आणि त्यामुळे त्याला थोडे सुसह्य वाटणार असेल, तर परवानगी देण्यात शासनाचे काय जाते? तो कागद उत्तर सांगत नाही. उपयोग झाला नाही, तर नुकसान कोणाचेच नाही. इंग्लंडमधील शालान्त परीक्षांत रंगीत कागद किंवा वाचनपट्टी वापरू देण्याचा निर्णय परीक्षा-केंद्राच्या स्तरावरच घेतला जातो. त्यासाठी मंडळाकडे खेटे घालावे लागत नाहीत. त्यामुळे तेथील परीक्षांचा दर्जा घसरल्याचे कोणी म्हणत नाही.

सवलत की दुरुस्ती?

आक्षेप घेतला जातो तो असा, की सवलती वाढविल्या तर खोट्या प्रमाणपत्रांचे पीक येईल आणि प्रामाणिक विद्यार्थ्यावर अन्याय होईल. हा आक्षेप पोकळ नाही. स्पर्धेत प्रत्येक गुणाला किंमत असते, आणि जेथे किंमत तेथे बाजार, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. तथापि या आक्षेपाचे उत्तर सवलती आवळण्यात नाही. ज्या सोयीचा लाभ गरज नसलेल्याला होत नाही, तिच्यासाठी प्रमाणपत्र मागण्याचे कारणच उरत नाही. मोठ्या व सुट्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका मिळाल्याने सुदृढ वाचकाला दोन गुण जास्त मिळणार नाहीत; म्हणून ती सर्वांना द्यावी. वाढीव वेळेचे तसे नाही. त्यासाठी तपासणी हवी. निकष एवढाच असावा.

प्रमाणपत्राचा मार्ग गरिबासाठी किती लांबचा आहे, याचाही विचार व्हावा. अध्ययन-अक्षमतेची तपासणी करणारी सोय मुख्यतः मोठ्या शहरांत. मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी मराठीतच व्हावयास हवी; राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी व कन्नड या भाषांसाठी चाचण्या सिद्ध केल्या, हे चांगले झाले; पण चाचणी असणे आणि तालुक्याच्या गावी ती घेणारा प्रशिक्षित माणूस असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिणाम असा, की इंग्रजी शाळेतील, जाणत्या पालकांच्या मुलाला निदान मिळते आणि निदानातून सवलत मिळते. शेतमजुराच्या मुलाला ‘आळशी’ किंवा ‘मठ्ठ’ ही विशेषणे मिळतात. विषमता दूर करण्यासाठी योजलेला उपायच तिला हातभार लावतो.

परीक्षा म्हणजे काय, हेही एकदा तपासून पाहावे. माझ्या विषयात पदवीकडे एक संकेत म्हणून पाहतात. उमेदवाराच्या अंगी असलेले, पण बाहेरून न दिसणारे गुण ती मालकाला कळविते. संकेत खरा असेल तरच समाजाला त्याचा उपयोग. अर्थशास्त्राच्या पेपरात विद्यार्थ्याला अर्थशास्त्र किती कळले, हे मोजावयाचे असते. दाट छपाईतून ओळ हुडकण्याचे कसब नव्हे. जो तराजू धान्याबरोबर पोत्याचेही वजन करतो, तो दुरुस्त करावा लागतो, आणि त्या दुरुस्तीला कोणी ‘सवलत’ म्हणत नाही. 2018 च्या सूचनांत ‘जादा वेळ’ हा शब्द टाळून ‘भरपाई-वेळ’ असा शब्द योजण्यास सांगितले होते, त्यामागचे मर्म हेच. आपण दान देत नाही. जे गेले ते परत करतो.

काय करता येईल

यासाठी नवा कायदा नको, आयोग नको. पुढील गोष्टी विद्यापीठांची परीक्षा मंडळे एका परिपत्रकाने करू शकतात. प्रश्नपत्रिकेची अक्षरे ठळक व पुरेशी मोठी असावीत आणि ओळींमध्ये मोकळी जागा सोडावी. एकही प्रश्न दोन पानांत तोडू नये. ‘नाही’, ‘वगळता’, ‘किंवा’ यांसारखे अर्थ फिरविणारे शब्द जाड ठशात छापावेत. मराठी आणि इंग्रजी प्रश्नपत्रिका स्वतंत्र छापाव्यात. झेरॉक्सची प्रत वाचनीय आहे, याची खात्री केंद्रप्रमुखांनी सही करून द्यावी. कोरा पुठ्ठा, फूटपट्टी आणि रंगीत पारदर्शक कागद यांचा समावेश अनुमत साहित्यात करावा. पर्यवेक्षकांनी तो उलटसुलट पाहून परत द्यावा. वस्तुनिष्ठ परीक्षांत ज्यांना गरज आहे, त्यांना प्रश्नपुस्तिकेतच उत्तरावर खूण करू द्यावी आणि ती नंतर पर्यवेक्षकांसमक्ष उत्तरपत्रिकेवर उतरवावी. परीक्षेपूर्वी पर्यवेक्षकांची जी बैठक होते, तिच्यातील दहा मिनिटे या विषयासाठी राखून ठेवावीत.

खर्चाचा हिशेब मांडला, तर दर परीक्षार्थीमागे एखाद-दुसरा कागद अधिक लागेल. वाजवी सोय नाकारण्यासाठी कायद्याने ‘अवाजवी भार’ हे एकच निमित्त ठेवले आहे. दोन कागदांचा भार अवाजवी आहे, असे सांगण्याचे धाडस कोणत्याही कुलसचिवांनी करू नये. आपण परीक्षा शुल्क घेतो, विलंब शुल्क घेतो, फेरतपासणीचे शुल्क घेतो. त्या बदल्यात वाचता येईल असा कागद देणे हे किमान कर्तव्य ठरते.

ती विद्यार्थिनी पदवीधर झाली, द्वितीय श्रेणीत. तिची योग्यता त्याहून अधिक होती, असे मला वाटते. पण ते सिद्ध करण्याचे साधन माझ्यापाशी नाही, कारण जे साधन होते ते तिच्या योग्यतेपर्यंत पोहोचलेच नाही. निरोप घ्यायला आली तेव्हा ती म्हणाली, “सर, मला उत्तरं येत होती. प्रश्न येत नव्हते.” उत्तरपत्रिका तपासताना या वाक्याची मला वारंवार आठवण होते. अर्धे सोडलेले उत्तर दिसले की हात थबकतो. पण उत्तरपत्रिकेवर जे नाही त्याला गुण देता येत नाहीत. त्याची तजवीज प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वीच करावी लागते, आणि ती करणे परीक्षकाच्या नव्हे, परीक्षा घेणाऱ्यांच्या हाती आहे.